छिमीने भाजलेला स्तूप

मित्रांनो, माझ्या पोटात मूठभर ओली माती दाबली आणि पाठीवर थाप मारली की एक इवलासा स्तूप बाहेर पडतो. जन्मभर मी हेच काम केले. मी बुमथांगच्या खोऱ्यातला एक जुना पितळी साचा आहे. माणूस गेला की त्याची थोडी राख मातीत कालवतात, तिचे असे स्तूप करतात आणि डोंगरातल्या एखाद्या कपारीत ठेवून देतात. पुढे ऊनपाऊस त्यांचे काय करायचे ते करतो. माझ्यातून निघालेले बहुतेक स्तूप आता जागेवर नाहीत, आणि त्याचे मला कधी वाईट वाटलेले नाही.

मला घडवणारा ओतारी मोठा चिडखोर होता. नक्षीची एक रेघ वाकडी गेली म्हणून त्याने मला दोनदा वितळवले. तिसऱ्या खेपेला मी मनासारखा उतरलो, तेव्हा कुठे त्याने मला तांदिनच्या हाती दिले. तांदिन म्हणजे आमच्या गावचा गृहस्थ लामा. सकाळी बटाट्याच्या शेतात राबायचा, दुपारी लाल वस्त्र पांघरून कुणाच्या तरी घरी पोथी वाचायचा. त्याच्याकडे माझी चांगली बडदास्त होती. मग त्याच्या पुतण्याने रबराचा साचा आणला. हलका, न चिकटणारा. माझी रवानगी छपरावर झाली. तिथे वाळत घातलेल्या मिरच्या वाऱ्याने उडू नयेत म्हणून मी त्यांच्यावर बसून असे. पितळेला मिरची झोंबत नाही, पण अपमान झोंबतो.

मला खाली आणले ते किन्लेसाठी.

किन्ले हा छिमी आणि वांगदा यांचा एकुलता एक मुलगा. नऊ वर्षांचा. छिमी लोकरीच्या पट्ट्या विणायची आणि हा तिच्या मागाखाली बसून लोकरीचे गुंडे गुंतवून ठेवायचा. हिवाळ्याच्या तोंडावर त्याला ताप आला, दरड कोसळून रस्ता बंद होता, आणि रस्ता मोकळा होण्याआधीच तो गेला. “लेकराचं काम आहे,” तांदिन म्हणाला, “रबर नको.” त्याने मला पुसून छिमीच्या अंगणात नेले.

स्तूप छिमीनेच दाबले. दुसऱ्या कुणाला तिने मातीला हात लावू दिला नाही. तिच्या डोळ्यांत टिपूस नव्हते. आमच्याकडे मानतात की माणूस गेला की सात आठवडे त्याचा जीव पुढच्या जन्माची वाट शोधत असतो, आणि मागे राहिलेल्यांची आसवे त्या वाटेवर गारा होऊन पडतात. म्हणून बायका एकमेकींना सांगत होत्या, “आई असावी तर अशी! लेकराच्या वाटेत एक थेंब येऊ दिला नाही हिनं.” छिमीने ते ऐकले. ते कौतुक तिला फार महागात पडले.

सगळे स्तूप कपारीकडे गेले, एक मात्र गेला नाही. तो तिने पदराआड लपवला. मला धुऊन परत द्यायचे म्हणून मी तिच्याच घरी होतो, त्यामुळे पुढचे मी पाहिले. तिने बुखारीत, म्हणजे घर ऊबदार ठेवणाऱ्या लोखंडी शेगडीत, लाकडे घातली आणि तो स्तूप निखाऱ्यांत भाजायला ठेवला. आमच्यात असे कुणी करत नाही. तो काळा पडला, एका बाजूने तडकला, पण विटेसारखा टणक झाला. आता पाऊस त्याचे काही बिघडवू शकत नव्हता. तिने तो मागाच्या कोनाड्यात ठेवला, वर लोकर टाकली, आणि मलाही तिथेच सारून दिले. मग ती मला विसरली.

त्या कोनाड्यात माझा बराच काळ गेला. छिमी विणत राही. डोळे भरून आले की घाईघाईने बुखारीत फुंकर मारी आणि म्हणे, “मेला धूर!” बुखारी थंड असली तरी म्हणे. देवळाकडे ती फिरकेनाशी झाली. वांगदा सकाळी दिवा लावायचा, ती पाठ करून बसायची.

“निदान माझ्याशी भांड तरी,” वांगदा एकदा म्हणाला. “पूर्वी भाजीत मिरच्या कमी पडल्या तरी घर डोक्यावर घ्यायचीस.”

“मिरच्या आहेत डब्यात. घाल तुला हव्या तेवढ्या,” ती म्हणाली.

मित्रांनो, मी आतून पोकळ आहे. पोकळ वस्तू कशी दिसते हे मला कुणी सांगायला नको.

किन्लेला जाऊन वर्ष झाले, त्याची पूजा आली. तांदिनची बायको पेल्मो मदतीला आली. सगळे गाव तिला अंगे, म्हणजे आजी, म्हणते. तोंडात विडा, आणि बोलणेही तसेच रंगलेले. “आमचा साचा गिळलास की काय गं?” म्हणत तिने कोनाड्यात हात घातला. आधी मी निघालो, मग तो काळा स्तूप.

“हे काय? स्तूप भाजलास? कुट्टूच्या पिठाचा पोळा आहे का तो, भाजायला?”

छिमीने झडप घालून तो हिसकावून घेतला. “असू दे, अंगे. पावसात विरघळला असता. माझ्याकडे त्याचं दुसरं काय उरलंय?”

पेल्मोने विडा थुंकला आणि खाली बैठक मारली. “रडलीस का कधी?”

“नाही! शपथेवर सांगते. एकदाही नाही. त्याच्या वाटेवर गारा पडतील म्हणून...”

“अजून?” म्हातारी बघतच राहिली. “अगं बाई, ते सात आठवड्यांपुरतं! वाट संपली त्याची. केव्हाच पोचला असेल तो, कुणा आईच्या कुशीत दूध पीत असेल. तुला मोकळी हो म्हणून कुणीच सांगितलं नाही?”

छिमीने नकारार्थी मान हलवली.

“मला वाटलं, तांदिननं सांगितलं असेल. त्याला वाटलं असेल, मी सांगितलं. मेले सगळे कौतुकच करत बसलो.”

“दुसऱ्या आईच्या?” छिमीने विचारले. तिचा आवाज इतका बारीक झाला होता की मला तो किन्लेचा वाटला.

“मग? एवढ्या थंडीत उघड्यावर राहू द्यायचा होता का त्याला?”

“नाही,” छिमी म्हणाली. “त्याला घशाशी लोकर लागते. टोचते म्हणतो, पण काढली की खोकतो.” आणि तिला रडू फुटले. वांगदा अंगणातून धावत आला आणि दारातच थबकला. पेल्मोने त्याला हाताने खूण केली, तेव्हा तोही येऊन बसला आणि तिच्याबरोबर रडला. पूजेला तांदिन ताटकळला होता. कुणी उठले नाही.

दुसऱ्या दिवशी छिमीने तो स्तूप आपल्या हाताने कुटला. ओल्या मातीत तो चुरा मिसळला, मला तेल लावले आणि एकच स्तूप काढला, न भाजता. वांगदाबरोबर कपारीत ठेवून आली. मी चमत्काराच्या गोष्टी सांगत नाही. ती त्यानंतरही रडायची. पण रडून झाले की देवळात जायची, दिवा लावायची, आणि किन्ले जिथे कुठे असेल तिथल्या त्या आईसाठी हात जोडायची. पहिल्या दिवशी तिला ते जमले नाही. पुढे जमले.

आता मी तिच्याकडेच असतो. मित्रांनो, माझी काळजी घ्यायची तर मला चिंचेने घासू नका, नक्षी झिजते. आणि माणसांचे म्हणाल, तर न रडणाऱ्याचे कौतुक करून घरी निघून जाऊ नका. त्याची वाट कुणीतरी मोकळी करावी लागते.

मध्यंतरी पलीकडच्या गावात एकीची मुलगी गेली. छिमी मला घेऊन गेली. माती मळताना ती त्या आईला म्हणाली, “आत्ता सावर स्वतःला. सात आठवडे झाले की मी येईन. तेव्हा रडू आपण, पाहिजे तेवढं.”

सात आठवडे भरले त्या सकाळी छिमी लवकर उठली. लोण्याचा चहा थर्मासात भरला, दोन पेले पिशवीत टाकले आणि पलीकडच्या गावची वाट धरली.