आपल्याच रानातलं लाकूड

फेब्रुवारीत रोस्विताच्या नवऱ्याला, गेरेऑनला पक्षाघात झाला आणि मार्चच्या अखेरीस पुनर्वसन केंद्रातल्या डॉक्टरीणबाईंनी तिला फोनवर सरळच सांगितलं, की जूनच्या मध्यावर त्याला सोडू, पण जिना चढणं आता त्याच्याच्यानं व्हायचं नाही. तळमजल्यावर खोली नसेल, चाकाची खुर्ची आत जाईल असं न्हाणीघर नसेल, तर वृद्धाश्रमात जागा बघून ठेवा. दिवस महामारीचे. वृद्धाश्रमात आठवड्यातून अर्धा तास भेट, तीही काचेपलीकडून. रोस्वितानं फोन ठेवला आणि त्याच दुपारी टेप घेऊन गोठा मोजायला सुरुवात केली.

गोठ्यात गेली वीस वर्षं गायी नव्हत्या. तो स्वयंपाकघराला लागून होता, दार रुंद होतं. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर तिनं आराखडा काढला: पलंग खिडकीखाली, न्हाणीघर नळाच्या बाजूला, मधे लाकडी भिंती, खाली फळ्या. गावचा सुतार फोल्कमार आला, आराखडा उलटसुलट बघून म्हणाला की तीन आठवड्यांचं काम. मग टोपी मागे सारून म्हणाला, "पण लाकूड कुठून आणू? माझ्याकडे दाराच्या चौकटीपुरतंही नाही."

तिला आधी ते खरं वाटेना. जर्मनीतल्या या झाउअरलांडच्या डोंगरांत लाकूड नाही म्हणजे काय? तीन कोरडे उन्हाळे आणि साल पोखरणारा किडा यांनी सगळी स्प्रूसची झाडं वाळवून टाकली होती. ती तोडून वाटावाटांवर ओंडक्यांच्या थप्प्या लागल्या होत्या; तिच्या सासऱ्यांनी लावलेलं रानही असंच भुईसपाट झालं. वनमालकांच्या संघानं सगळ्यांच्या वतीनं ते ओंडके मातीमोलानं विकले होते. तिच्या खिडकीखालून रोज ट्रक जात, बंदराकडे, तिथून जहाजानं परदेशी. आणि शहरातल्या वखारीत काचेमागचा तरुण तिला सांगत होता, की नाव यादीत लिहितो, ऑक्टोबरात बघू. त्याच्या पाठीमागे प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्या वाशांच्या थप्प्या छताला टेकल्या होत्या.

"ते कुणाचे?" तिनं विचारलं.

"ते बुक झालेत, बाई. मोठं गिऱ्हाईक आहे."

परतताना रागानं ती घरी थांबलीच नाही. ती तडक संघाच्या अध्यक्षाच्या, एंगेलबर्टच्या अंगणात गेली. दोघं शाळेत एका बाकावर बसलेली. तिनं आपल्यापुरतं थोडं लाकूड परत मागितलं. तो म्हणाला की करार झालेत, एकेकानं असं मधेच मागितलं तर संघ चालवायचा कसा. गेरेऑनबद्दल वाईट वाटतं असंही म्हणाला, आणि खिशातला वाजणारा फोन काढून वळला.

घरी येऊन तिनं कागदांचं कपाट रिकामं केलं. त्यांच्या खालच्या वाटेवरच्या थप्पीचा करार होता, गेरेऑनच्या सहीचा. वरची थप्पी जानेवारीत तोडलेली. तिचा करार आला होता, पण सहीच्या रेघेवर काहीच नव्हतं. सही करायच्या आधीच तो पडला होता. ती तशीच वर चालत गेली. ओंडक्यांच्या तोंडांवर विकत घेणाऱ्याचा नंबर निळ्या रंगात मारून झाला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रक आला तेव्हा वाटेवर रोस्विताचा ट्रॅक्टर आडवा उभा होता. लिथुआनियाचा ड्रायव्हर शहाणा माणूस. त्यानं इंजिन बंद केलं आणि पाव-सॉसेजचा डबा उघडला. तासाभरानं एंगेलबर्ट आला, लालबुंद होऊन.

"अगं, हा काय तमाशा? ट्रॅक्टर काढ आधी."

तिनं कागद पुढे धरला. "सही दाखव."

त्यानं कागद उलटून पाहिला. "तुमचं दरवर्षीचंच असतं ना. आम्ही सही धरून चाललो होतो."

"माणूस दवाखान्यात पडला की त्याची सही धरून चालायची असते होय रे? मला विचारलंस तू? एकदा तरी दार वाजवलंस?"

ड्रायव्हरनं डबा मिटला आणि रिकामा ट्रक मागे घेत घेत खाली नेला.

मेमध्ये टिल्मान नावाचा एक जण गाडीमागे जोडलेली सॉ मिल घेऊन आला आणि दोन दिवसांत ओंडक्यांच्या फळ्या करून गेला. बुरशीनं लाकडावर निळसर झाक आली होती. वखारीनं ते हातात धरलं नसतं. फोल्कमारनं वाकवून, ठोकून पाहिलं आणि म्हणाला की छताला नको, आतल्या भिंतींना चालेल. भिंतीत भरायचं ऊब धरणारं साहित्य मात्र कुठेच मिळालं नाही. गेरेऑन ठरल्या दिवशी घरी आला तेव्हा उत्तरेकडची भिंत अर्धवट होती आणि तिथे घोंगडी टांगली होती. त्यानं बऱ्या हातानं फळीवरून हात फिरवला आणि रडला. रोस्विताही रडली, पण तिच्या रडण्यात संताप होता. आपल्याच लाकडाची एक खोली मिळवायला वाट अडवून उभं राहावं लागलं, हे तिला गिळता येत नव्हतं.

जुलैत एंगेलबर्ट दारात आला. त्याच्या मुलाच्या नव्या घराचं छप्पर रिपांवाचून उघडं पडलं होतं. टिल्मानचा फोन नंबर हवा होता.

रोस्वितानं त्याला आत बोलावलं नाही. "नंबर देते," ती म्हणाली. "पण सभेत तू उभं राहून सांगायचंस, की ओंडका बाहेर जायच्या आधी गावात विचारायचं. आणि सहीशिवाय रंग लावायचा नाही."

तो बघू म्हणाला. ती म्हणाली, "मग मीही बघते."

सप्टेंबरच्या सभेत तो बोलला. वर न बघता, दोन वाक्यांत, कसंबसं. ठराव पास झाला: दर थप्पीतला दहावा भाग आधी गावाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. रोस्वितानं ठरावाच्या बाजूनं हात वर केला होता, पण तिनं टाळ्या वाजवल्या नाहीत. तोवर बाकीचं सगळं बंदराकडे गेलं होतं; डोंगरावर थप्प्या उरल्या होत्या चार. तिनं उठून तेही सभेला ऐकवलं, आणि मग घोंगडीमागची भिंत पुरी करायला घरी गेली.