भिकाजी आचाऱ्याचा ताप

"गूळ कमी पडलाय," खाटेवर आडवा पडलेला भिकाजी शिवलकर डोळे न उघडताच म्हणाला.

मथुरा त्याच्या कपाळावरची ओली पट्टी बदलत होती. तिला वाटलं, तापाच्या ग्लानीत बरळतोय.

"कशात?"

"समोरच्यांच्या आमटीत. नुसता आंबट वास येतोय. जा, सांगून ये त्या बायांना."

"तुमच्या अंगावर आत्ता चणे भाजून निघतील नि तुम्हाला लोकांच्या आमटीची पडलीय?"

"अगो, लग्नघर आहे त्यांचा. माणसा पानावर बसायची आहेत. जा गो."

मथुरा पुटपुटत उठली, समोरच्या मांडवात जाऊन आली.

"घातलानी गूळ," ती म्हणाली. "कमीच होता."

भिकाजीच्या सुकलेल्या ओठांवर हसू उमटलं आणि तो पुन्हा ग्लानीत गेला.

पेठकिल्ल्यापासून मालगुंडापर्यंत लग्न, बारसं, साखरपुडा काहीही असो, चुलवणापाशी भिकाजी आचारी हवाच. त्याच्या हाताला चव होती यात शंका नाही, पण लोक त्याला बोलावत ते मुख्यतः त्याच्या स्वभावासाठी. भिकाजीनं कधी हात आखडून वाढलं नाही. मांडवाच्या मागच्या दाराशी कुणी ताटली घेऊन उभं राहिलं की यजमान बघतोय का, याचाही तो विचार करत नसे. स्वतःच्या घरीही तीच तऱ्हा. शेजारच्या पोराचं पोट दुखलं की भिकाजीच्या फडताळातला ओवा, कुणाचं डोकं दुखलं की त्याच्या खिशातली गोळी. "असला की द्यायचा," हे त्याचं तत्त्वज्ञान. मथुरा यावरून त्याच्याशी रोज भांडायची आणि रोज हरायची.

त्या वर्षी, म्हणजे एकोणनव्वद साली, शिमगा उरकला आणि भिकाजीला ताप भरला. पहिले काही दिवस त्यानं काढा पिऊन काढले. मग डॉक्टर वीणा पाथरे यांच्याकडे गेला. टायफॉइड निघाला. नेहमीच्या कॅप्सूल सुरू झाल्या, पण ताप हटेना. अंगातलं मांस झडलं, डोळे खोल गेले. वैशाखात महिपतच्या धाकट्या मुलीचं, मैनेचं लग्न होतं. महिपत म्हणजे भिकाजीचा उजवा हात. लांज्यापलीकडच्या गावाहून तो लग्नसराईत यायचा, भांडी उतरवायचा, लाकडं फोडायचा. मैना जन्मली तेव्हाच भिकाजीनं सांगून ठेवलं होतं, "हिच्या लग्नाचा जेवान माझ्या हातचा." आणि आता लग्न तोंडावर आलेलं, तर त्याला खाटेवरून उठवत नव्हतं.

डॉक्टरीणबाईंनी त्याचं रक्त तपासायला बाहेरगावी पाठवलं. तिकडून उत्तर आलं त्या सकाळी त्या स्वतःच घरी आल्या. चाळिशीच्या आतबाहेरच्या, बोलायला मोकळ्या.

"काका, तुमच्या पोटातले जंतू जुन्या औषधाला दाद देत नाहीयेत."

"माझा खाऊन खाऊन माजले असतील."

"असंच काहीसं." त्या हसल्या. "आता एक नवीन गोळी आली आहे. मुंबईहून मागवली, ती आज रातराणी एसटीनं आली. हिच्यावर माझा भरवसा आहे. पण हिचे नियम आहेत. भरपूर पाण्याबरोबर घ्यायची. बरं वाटलं तरी मधेच सोडायची नाही. अर्धवट मारलेले जंतू उलटतात, मग ही गोळीही चालणार नाही, आणि हिच्यापुढे माझ्याकडे फारसं काही नाही. दुसऱ्या कुणाला द्यायची नाही. आणि तुमच्या तपासण्या पुन्हा चांगल्या येईपर्यंत लोकांच्या अन्नाला हात लावायचा नाही. तुमच्या हातातून पंगतीच्या पंगती आजारी पडतील."

शेवटचं वाक्य ऐकून भिकाजीचा चेहरा पडला. मथुरानं ते पाहिलं आणि त्याच्या पायावरची गोधडी उगाच सारखी केली.

"दुसरं काही औषध घेता का?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"नाही बा," भिकाजी म्हणाला. आणि तो खोटं बोलत नव्हता.

नवी गोळी सुरू झाली. मथुरा तांब्याभर पाणी घेऊन समोर बसायची आणि त्यानं गोळी गिळल्याचं तोंड उघडायला लावून बघायची. पण ताप काही उतरेना. सकाळी थोडा कमी, संध्याकाळी पुन्हा होता तसाच. डॉक्टरीणबाई येऊन नाडी बघत, जीभ बघत आणि कपाळाला आठ्या घालून जात. एका दुपारी त्यांनी मथुराला बाजूला घेतलं.

"उद्यापर्यंत उतार पडला नाही, तर सिव्हिलमध्ये दाखल करू. असं का व्हावं मला कळत नाहीये. ही गोळी लागू पडायलाच हवी होती."

मथुराचे डोळे भरून आले. ती पदर तोंडाला लावून आत वळली आणि दारातच थबकली. खाटेवर भिकाजी उठून बसला होता, आणि त्याच्या काळ्या-पांढऱ्या मिशीवर खडूसारखी पांढरीफेक रेघ उमटली होती.

"मिशीला काय लागलाय तुमच्या?"

"कुठे काय?" त्यानं घाईनं हाताच्या पंजानं मिशी पुसली.

डॉक्टरीणबाई मागोमाग आत आल्या. त्यांनी उशी उचलली. खाली पांढऱ्या औषधाची चपटी बाटली होती. धुरात उभं राहून, तिखटाच्या चवी घेऊन आणि वेळी-अवेळी जेवून भिकाजीला वर्षानुवर्षं पित्ताचा त्रास होता. छाती जळजळली की तो त्या औषधाचा घोट घ्यायचा. दुसऱ्या कुणी तंबाखूची चिमूट तोंडात टाकावी इतक्या सहज.

"काका, मी विचारलं होतं ना, दुसरं औषध घेता का म्हणून?"

"ह्या औषध कुठे?" भिकाजी खरोखर चकित झाला होता. "ह्या आपला... सुपारीसारखा. गोळी गिळली की छातीत जळजळता, म्हणून लगेच वर दोन घोट."

डॉक्टरीणबाई स्टुलावर बसल्या. मग हसू लागल्या आणि त्या हसण्यात इतकी सुटका होती की मथुराही रडता रडता हसायला लागली.

"काका, उकळत्या दुधात कुणी लिंबू पिळलं तर?"

"नासेल. खिरीचा सत्यानास."

"तुम्ही रोज तेच करताय. ह्या पांढऱ्या औषधात जे असतं, ते पोटात गोळीला धरून ठेवतं. गोळी रक्तात जायची ती पोटातच अडकते. जंतू मजेत. गोळ्या चालू आहेत तोवर ही बाटली बंद. टॉनिकबिनिकही नको. छातीत जळजळलं तर मला सांगा, मी बघते काय करायचं ते."

भिकाजीनं स्वतःच बाटली उचलून मथुराच्या हाती दिली. "परसात ओत जा. नाहीतर शेजाऱ्याला देऊन टाक," तो म्हणाला, आणि बायकोचे डोळे बघून म्हणाला, "ओतच."

त्यानंतर ताप पाय काढता घेऊ लागला. एका पहाटे मथुरानं सवयीनं त्याच्या कपाळाला हात लावला, तर ते घामानं थबथबलेलं आणि गार. ती घाबरली. तेवढ्यात तो म्हणाला, "काय बघतेस? भूक लागलीय." तिनं केलेली मऊ पेज त्यानं ओरपली आणि वाटी खाली ठेवत म्हणाला, "तांदूळ जरा जास्त धुतलेस. पेजेचा जीव धुऊन गेला." मथुरा स्वयंपाकघरात जाऊन मनसोक्त हसली. नवरा पेजेला नावं ठेवतोय म्हणजे बरा झाला!

गोळ्या अजून शिल्लक होत्या. भिकाजी भिंतीला धरून अंगणात येऊ लागला होता, तेव्हा एका सकाळी महिपत आला. धावत आल्यासारखा, केस विस्कटलेले.

"बरा झालाव काका, देवाची किरपा," तो म्हणाला आणि पायरीवरच बसला. "माजा मातर घर बसलाय. थोरली राही बाळंतपनाला आलीय न्हवं, तिला ताप भरलाय. अंग निसता इस्तव झालाय. तोंडावर मैनेचा लगीन. काका, तुमच्या त्या नव्या गोळीतल्या थोड्या द्या मला. तुमी उठलाव, तशी ती बी उठंल."

भिकाजीचा हात आपसूक कोनाड्याकडे गेला. गोळ्यांची पट्टी बोटांत आलीसुद्धा. मथुरा दारात उभी होती. बोलून या माणसाचा हात आजवर थांबला नव्हता.

हात मात्र थांबला. राही त्याच्या अंगाखांद्यावर खेळलेली पोर. मांडवाच्या मागे त्याच्या हातचा लाडू खाऊन लाकडांच्या राशीवर झोपून जायची. तिला नाही म्हणायचं? पण डॉक्टरीणबाईंचा तो गोंधळलेला चेहरा त्याला आठवला. आपल्या दोन घोटांनी एवढी मोठी गोळी फुकट गेली होती. मग आपल्याला काय ठाऊक, राहीच्या अंगात काय आहे?

"ताप कसला आहे?"

"तापच, काका. थंडी वाजून येतो."

भिकाजीनं पट्टी कोनाड्यात परत ठेवली.

"गोळी नाही मिळायची, महिपत."

महिपत त्याच्याकडे बघतच राहिला. भिकाजीकाकाच्या तोंडून 'नाही' त्यानं पहिल्यांदा ऐकलं होतं. त्याची मान खाली गेली. "महाग असंल, म्हनून..."

"मेल्या!" भिकाजी ओरडला, आणि आजारात बसलेला त्याचा आवाज फुटून खणखणीत बाहेर आला. "महाग म्हणून? आंधळ्यासारखा डबा उघडून आमटीत कधी काही टाकलाय मी? पोटुशी पोर आहे ती. चल, ऊठ. मथुरे, माझा सदरा दे. पाण्याची बाटली भर. दुपारच्या गोळीसाठी ती पट्टी पण दे बरोबर."

"अहो, तुम्हाला धड उभा राहवत नाही!"

"एसटीत बसायचाच आहे."

आणि तो गेला. महिपतच्या खांद्याला धरून रिक्षात बसला आणि तिथून लांज्याच्या गाडीत. हातखंब्याच्या घाटात त्याला घेरी आली तेव्हा त्यानं डोळे मिटून घेतले, पण उतरला नाही. महिपत गावात जाऊन राहीला बैलगाडीतून घेऊन येईपर्यंत तो लांज्याच्या सरकारी दवाखान्याच्या बाकावर बसून राहिला. गोळीची वेळ झाली तशी बाटलीभर पाण्याबरोबर गिळली. छातीत जळजळलं. समोर औषधांच्या दुकानात पांढऱ्या औषधाच्या बाटल्या ओळीनं लावलेल्या होत्या. त्यानं बाकावरच तोंड फिरवून बसणं पसंत केलं.

राहीच्या बोटाला सुई टोचून तिथल्या डॉक्टरांनी रक्त काचेवर घेतलं. हिवताप निघाला.

"बरं केलंत लगेच आणलंत," डॉक्टर म्हणाले. "पोटुशी बाईला हिवताप म्हणजे खेळ नाही."

भिकाजीनं खिशातून आपली पट्टी काढून दाखवली. "आणि ही दिली असती तर?"

डॉक्टरांनी नाव वाचलं आणि भुवया उंचावल्या. "कुठून मिळाली? पोटुशी बाईला ही आम्ही देत नाही. शिवाय हिवतापाला हिचा उपयोग नाही. तुम्ही हिच्या भरवशावर राहिला असता आणि इकडे ताप वाढत गेला असता."

महिपत भिंतीला टेकला. मग सरळ भिकाजीच्या पायांशी वाकला. भिकाजीनं त्याला दंडाला धरून उठवलं. "पायाबिया नको धरूस. मलाही आत्ताच कळतंय," तो म्हणाला. त्यानं पट्टी पुन्हा खिशात अगदी तळाशी सरकवली.

राही बरी झाली. भिकाजीनं सगळ्या गोळ्या संपवल्या, शेवटची गिळल्यावर रिकामी पट्टी मथुरापुढे नाचवली. पण डॉक्टरीणबाईंच्या तपासण्या अजून पुऱ्या व्हायच्या होत्या आणि लग्न आलं.

"अन्नाला हात लावायचा नाही," त्यांनी बजावलं. "बोट दाखवलंत तर हरकत नाही."

मग भिकाजीनं बोटच दाखवलं. चुलवणापासून दूर खुर्ची टाकून दोन्ही हात काखेत दाबून बसला आणि तिथून लग्न रांधलं. मोठ्या टोपासमोर पदर खोचून मथुरा उभी होती. आयुष्यभर नवऱ्याच्या स्वयंपाकाची कौतुकं ऐकलेली बाई पहिल्यांदाच अख्ख्या गावासाठी डाव फिरवत होती.

"मथुरे, बुडाशी लागतंय!"

"दिसतंय मला!"

"खोबरा आत्ताच नको घालूस, घाई करशील!"

"तुम्ही गप्प बसता, की खुर्ची रस्त्यावर नेऊन ठेवू?"

गावच्या बाया पोट धरून हसत होत्या. मैना मुंडावळ्या बांधलेल्या कपाळानं मागच्या दारात येऊन हसून गेली. मथुरानं वरण द्रोणात घालून आणून दिलं. भिकाजीनं चव घेतली. सगळी चुलीपाशी थांबून त्याच्याकडे बघू लागली. त्यानं पुन्हा एक घोट घेतला. मग आणखी एक. द्रोण रिकामा झाला.

"सांगा की," मथुरा म्हणाली.

"काय सांगायचा? माझ्यापेक्षा बरा झालाय," तो म्हणाला, आणि मथुरा लाजली. इतक्या वर्षांनी, इतक्या माणसांत.

पहिल्या पंगतीला महिपतनं त्याला हाताला धरून नेलं आणि वरपक्षाच्या मानकऱ्यांच्या शेजारी बसवलं. समोर हिरवंगार पान होतं. शेकडो पंगतींना वाढलेला हा माणूस पानासमोर अवघडून बसला. कोपर कुठे ठेवावं, पाणी आधी प्यावं की नंतर, त्याला सुचेना. राही पोट सावरत आली आणि तिनं त्याच्या पानावर मऊ भाताची मूद ठेवली, वर मथुरानं वरण घातलं.

भिकाजीनं जेवायला सुरुवात केली. सावकाश, मान खाली घालून, एकेक घास चावत. आजूबाजूची पानं उठली, दुसऱ्या पंगतीची माणसं दारात येऊन उभी राहिली. त्यानं हळूच मान वर केली आणि अगदी हलक्या आवाजात, पाहुण्यानं मागावं तसं म्हणाला, "थोडा भात मिळेल?"

मथुरा परातीसकट धावली. दारातली माणसं थांबून राहिली, त्यांना कसलीच घाई नव्हती.