पितळी स्क्रू

बाबांचे हात पुन्हा शिवशिवले होते, हे थोरलीला इंजिनाच्या पहिल्या खोकल्यातच कळलं आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बाबांच्या तरुणपणच्या गाडीचा कार्बुरेटर काढून तिने फ्युएल इंजेक्शन बसवलं होतं. किती हवेला किती पेट्रोल, हे आता लॅपटॉपवर ठरायचं. दिवसभर गॅरेजात खपून ती सगळं जुळवायची आणि सकाळी बाबा नुसत्या कानाच्या भरवशावर हवेचा स्क्रू पिळून ठेवायचे.

"जरासाच फिरवला गं. गाडी रडत होती."

"गाडी नाही, मी रडतेय. हात लावू नका म्हणून किती घसा कोरडा करू?"

"तू जन्मलीही नव्हतीस तेव्हापासून हिला मी सांभाळतोय."

दात-ओठ खात तिने खरा स्क्रू झाकणाखाली दडवला आणि वर, चटकन हाताला लागेल असा, चकचकीत पितळी स्क्रू बसवला. तो कशालाच जोडलेला नव्हता. मग सगळं नव्याने जुळवलं.

सकाळी गाडी एका दमात सुरू झाली. बाबांनी मान तिरकी करून पितळी स्क्रू केसभर फिरवला आणि डोळे मिटून ऐकलं.

"आता कशी सुरात लागली."

कुंपणापलीकडून शेजारचे काका म्हणाले, "तुमच्या हाताला तोड नाही बुवा. पोरीला शिकवा जरा."

"शिकवतोय की. ऐकते कुठे?"

खरं सांगावं, तर बाबा लगेच खरा स्क्रू शोधायला लागणार. थोरलीने बॉनेट धाडकन आपटलं.

"हळू गं," बाबा म्हणाले. "माझं सेटिंग हलेल."