पहिल्या आठवड्याचं बटण

केटरिंगबाई वर्गाच्या दाराशी आल्या तेव्हा त्यांच्या डोक्यावर टोपी नव्हती. आमच्या गावात कुठलीही बाई उघड्या डोक्यानं चर्चपर्यंतही जात नाही, आणि या तर आमच्या शेजारघरातून कॉलेजच्या टेकडीवर धावत आल्या होत्या. वर्गात ऑरिन पेल उभा राहून खेकड्याचे अवयव पुस्तकातल्या शब्दांत म्हणून दाखवत होता. तो थांबला. "पुढे म्हण," मी म्हणालो. मग मी बाईंचा चेहरा पाहिला.

माझी बायको लोविना स्वयंपाकघरात खुर्चीवर बसल्या बसल्या गेली होती. डॉक्टर म्हणाले, हृदय. तिच्या समोर, टेबलावर, आमची बटणं मांडलेली होती.

या बटणांचं सांगायला हवं. आमच्या कॉलेजात जीवशास्त्र पाठ म्हणून दाखवतात. पोरगा उठतो, पान म्हणतो, बसतो. सुरुवात माणसापासून, कारण प्राचार्य रेव्हरंड ग्रिम्स यांच्या मते देवाच्या कामाची ओळख मुकुटापासून करून द्यावी. मग खाली उतरत बेडूक, मासा, किडा. किड्यापर्यंत येता येता वर्ष संपतं. मला एक सत्र असं हवं होतं की प्रत्येक पोराच्या पुढ्यात एक जीव असेल आणि पुस्तक मिटलेलं असेल. विश्वस्त म्हणाले, जूनच्या बैठकीत पूर्ण आराखडा मांडा, नाहीतर ते सत्र ग्रीक भाषेला देऊ.

हिवाळाभर जेवण झालं की लोविना बटणांचा डबा काढायची. एक बटण म्हणजे एक आठवडा. हाडाचं बटण बेडूक, शिंपल्याचं यीस्ट, पितळी खेकडा, लाकडी नेचा. माणूस सर्वांत शेवटी. यावर आमचं एकमत होतं. भांडण पहिल्या जागेवरून होतं.

"यीस्टपासून सुरू करू," मी म्हणे. "सगळ्यात साधं ते आधी."

"तुम्हाला साधं. अहो, सूक्ष्मदर्शक एक आणि पोरं वीस. पहिल्याला ठिपका दिसेल, विसाव्याला स्वतःच्या पापण्या."

"मग तुझा बेडूक?"

"पहिल्याच दिवशी बेडूक कापायला लावलात तर निम्मी पोरं ग्रीक घेतील."

ती गेली त्या बुधवारी सकाळी तव्यावरून मान न वळवता ती म्हणाली, "पहिला आठवडा मला सापडला."

"काय?"

"घंटा होतेय, पळा. दुपारी दाखवते."

दुपारी मी आलो तेव्हा रांगेत पहिल्या जागी निळ्या काचेचं एक बटण होतं. आदल्या रात्री ते तिथे नव्हतं. ते कशाचं, हे ठरलेलंच नव्हतं.

दफन झाल्यावर तिची धाकटी बहीण मर्सी घर आवरायला राहिली.

"भाऊजी, टेबल मोकळं करू का? असं कोपऱ्यात बशी धरून किती दिवस जेवणार?"

"बटणांना हात लावू नकोस. हे निळं कुठलं, माहीत आहे?"

"आईच्या झग्याचं. लहानपणी आमच्या शेळीनं गिळलं होतं. लोविनानं शेळीच्या मागे फिरून परत मिळवलं."

"म्हणजे शेळी!"

"भाऊजी," मर्सी म्हणाली, "ते बटण आहे."

मी केटरिंगबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "त्याच सकाळी कुंपणावरून तिनं विचारलं, तुमची पिवळी कोंबडी खुडूक बसलीय का? मी म्हटलं, बसलीय, पण हात घातलास तर बोट जाईल." म्हणजे अंडं. रोज एक फोडायचं आणि आतलं पिल्लू कसं घडतं ते पाहायचं. त्या दिवशी मी पोटभर जेवलो.

दुसऱ्या दिवशी मर्सीनं कोठीतून एक वाडगा आणला. पांढरा घेवडा. लोविनानं भिजत घातलेला. गडबडीत मर्सीनं पाणी ओतून दिलं होतं आणि वाडगा ओल्या फडक्याखाली राहून गेला होता. प्रत्येक दाण्याला मूळ फुटलं होतं.

"फेकू ना?"

"थांब. आपल्याकडे घेवडा शनिवारच्या जेवणाला. बुधवारी कुणी भिजवतं का?"

"माझं यायचं चाललं होतं. माझ्यासाठी असेल." ती जरा थांबली. "पण मला घेवडा आवडत नाही, हे तिला चांगलं माहीत होतं."

ते दाणे मी काचेच्या बरणीत ओल्या शेवाळावर ठेवले. जून येईपर्यंत मी नवे नवे दाणे रुजवत राहिलो. बैठकीला जाताना बरणी बरोबर नेली.

रेव्हरंड ग्रिम्स यांनी आराखडा वाचला. "टिल्सन, माणसाला तुम्ही शेवटी ढकललंय."

"पोरांचे डोळे तयार झाल्यावर माणूस दाखवायचा."

"यातून माकड तर बाहेर येणार नाही ना?"

"या बरणीतून तरी घेवडाच येईल."

विश्वस्त हसले. ग्रिम्स हसले नाहीत. "आणि पहिला आठवडा कोरा का?"

"तो माझ्या बायकोनं ठरवला होता. मला अजून कळलेला नाही."

मग विश्वस्तांपैकी चर्चचे डीकन हॅस्किन यांनी बरणी ओढून घेतली. या माणसाचा सगळा जन्म मक्याच्या शेतात गेला होता. "मूळ खाली चाललंय," ते म्हणाले. "दाणा उलटा केला तर?"

"तुम्हाला काय वाटतं?"

"वर जाईल. नाही, थांबा." त्यांनी जाड बोटानं दाणा उलटा केला. "इतकी वर्षं पेरतोय, दाणा कुठल्या अंगावर पडला ते कधी पाहिलं नाही हो!"

"मरेल," ग्रिम्स म्हणाले.

"कशाला मरेल? मग माझा मका कसा उगवतो?"

वाद इतका वाढला की निर्णय दुसऱ्या दिवसावर गेला. सकाळी सगळ्यांत आधी ग्रिम्सच येऊन बसले होते, चष्मा लावून.

"वळलंय," ते म्हणाले. "अंधारात, एका रात्रीत. खाली कुठे हे त्याला सांगतं कोण?"

मी बरणी उजेडाकडे सरकवली.

"कोण सांगतं ते मला ठाऊक आहे," ते म्हणाले. "कसं सांगतं, ते तुम्ही शिकवा."

सत्र मिळालं. सप्टेंबरात मी पोरांपुढे एकेक दाणा ठेवला. ऑरिन पेल उठून उभा राहिला.

"सर, कुठलं पान?"

"पान नाही. बस आणि बघ."

तो बसला, आणि बराच वेळ काय करावं हे त्याला सुचेना. मग त्यानं नखानं साल काढली आणि शेजाऱ्याला कोपरानं ढोसलं.

घेवडा चांगला चालला. सत्राच्या पत्रकात पहिल्या आठवड्यापुढे तसं छापूनही टाकता आलं असतं. पण जे पाहिलं नाही ते लिहू नका, असं मी पोरांना रोज सांगतो. केटरिंगबाईंनी वसंतात कोंबडी द्यायचं कबूल केलं आहे. शेळीचाही मी विचार केला आहे.

पत्रक दुसऱ्या आठवड्यापासून छापलं आहे. बटणं टेबलावर आहेत. पहिला आठवडा कशाचा, हे लिहायचं राहिलं आहे.