वास ओळखायचा खेळ

चिंगीने नव्याण्णवचा साप तिसऱ्यांदा चुकवला आणि त्याच क्षणी शेगडीवरचं दूध उतू गेलं. टेलरबाई बाहेरच्या खोलीत मशीनवर एका झग्याची बाही जोडत होती. करपल्याचा वास तिथपर्यंत पोचला तशी ती कात्री टाकून धावली. स्वयंपाकघरात शेगडीकडे पाठ करून, अगदी हातभर अंतरावर, तिची मैत्रीण मांडी घालून बसली होती आणि मुठीतला फासा खुळखुळवत होती.

"अगं, दूध!"

"अगं बाई!" मैत्रीण दचकून उठली. "खेळाच्या नादात कळलंच नाही."

"मी सांगितलं होतं, आजी," चिंगी म्हणाली. "करपतंय म्हटलं, तर मावशीआजी म्हणाली काही करपत नाही, तू फासा टाक."

"तुझ्या नातीला हरायचं नव्हतं, म्हणून गोष्टी रचतेय," मैत्रीण हसली. चिंगी हसली नाही. ती खरं बोलणारी पोर होती आणि त्यामुळे घरादाराच्या नाकी नऊ यायचे.

टेलरबाईने शेगडी पुसली. तिला गंमत वाटली, आणि गंमत वाटता वाटता कुठेतरी खुट्ट झालं. ही बाई साधीसुधी नव्हती. डेअरीत टँकरचं झाकण उघडलं की पहिला श्वास हिचा. हिने मान डोलावली तर दूध आत जाणार, नाहीतर आलं तसं परत. मग ते बाटल्यांत भरून दुकानांत जायचं आणि शहरातल्या शाळांतही. एकतीस वर्षं ती हेच करत होती. पूर्वी या घरात पाऊल टाकतानाच म्हणायची, "कालचं सूप गरम करून घालतेयस होय आम्हाला?" आणि ते खरंच कालचं असायचं.

पण आज ती खूप दिवसांनी मुक्कामाला आली होती. फळांची पिशवी, चिंगीला बाहुली आणि रंगपेटी घेऊन. आठ दिवसांपूर्वी चिंगीच्या शाळेत बावीस मुलांना उलट्या झाल्या होत्या. चिंगीच्या पोटात तीन दिवस पाण्याचा घोटही ठरला नव्हता. सगळे टाकीतल्या पाण्याला बोल लावत होते. त्या तीन दिवसांत मैत्रिणीचा सकाळ-संध्याकाळ फोन यायचा. सख्ख्या बहिणीने केली नसती इतकी चौकशी तिने केली होती, म्हणून टेलरबाईने आज बेत जोरात केला. मिरपूड लावून परतलेले बटाटे, ऑम्लेट, टोमॅटोचं सूप, आणि उरल्यासुरल्या दुधाचं कस्टर्ड.

जेवताना मैत्रीण रंगात आली होती.

"तुला वाटतं सगळं नाकाचं काम आहे? अर्धं काम डोळ्यांचं," ती पाव मोडत म्हणाली. "ड्रायव्हरचा चेहरा बघायचा. माल चांगला असला की बाबा टायरला टेकून मजेत उभा राहतो. नासका असला की झाकण उघडायच्या आधीच स्वतःच्या बुटांकडे बघायला लागतो. चोराच्या मनात चांदणं!"

टेलरबाई मनमुराद हसली. चाळीस वर्षांची मैत्री म्हणजे तेच ते विनोद नव्याने ऐकणं, आणि तिला ते आवडायचं.

"आणि घरी कसं आहे?"

"हे अंथरुणालाच खिळलेत. डेअरीचं क्वार्टर आहे म्हणून निभावतंय. नोकरीची अडीच वर्षं राहिलीत माझी, तेवढी सरली की सुटले."

कस्टर्डचा पहिला चमचा तोंडात घालताच चिंगीने तोंड वेडंवाकडं केलं. टेलरबाईनेही वाटी बाजूला सारली. दूध तळाला लागलं होतं आणि सगळ्या कस्टर्डला करपट वास मारत होता. मैत्रीण खाली मान घालून खात होती. तिने दोन वाट्या संपवल्या.

"झकास झालंय गं," ती म्हणाली. मग मान वर करून तिने दोघींच्या वाट्या पाहिल्या. "जरा गोड जास्त, एवढंच."

जेवणानंतर सापशिडी अर्धीच सोडून चिंगीने नवा खेळ काढला. डोळे बांधायचे आणि वाटीत काय आहे ते नुसत्या वासावरून ओळखायचं. टेलरबाईने टोपलीतून कापडाची एक पट्टी काढून दिली. चिंगीने कांदा ओळखला, कॉफी ओळखली, साबणाची वडी तर वाटी जवळ येण्याआधीच ओळखली. टेलरबाईची तीनपैकी दोन बरोबर आली.

"आता मावशीआजी!"

"आम्ही धंद्याची चीज फुकट दाखवत नाही."

"चालणार नाही, चालणार नाही!"

पट्टी बांधली गेली. डोळे झाकले गेले तसे मैत्रिणीचे हात मांडीवर एकमेकांना शोधायला लागले. पहिल्या वाटीत तिने हळूच बोट घातलं.

"बोट लावायचं नाही! फाऊल!"

"बरं बाई. कांदा."

दुसरी वाटी आली. मैत्रिणीने मोठ्ठा श्वास घेतला. दुसरा घेतला. तिच्या कपाळावर घाम आलेला टेलरबाईला स्पष्ट दिसला.

"कॉफी," ती म्हणाली.

"साबण! हरली, हरली!" चिंगी टाळ्या पिटत नाचली.

मैत्रिणीने पट्टी सोडली. "तुला जिंकवलं हो, वेडे."

टेलरबाईने पट्टी उचलून टोपलीत टाकली. ही बाई कुणाला जिंकवत नसे. दोन वर्षांपूर्वी पत्त्यांत तिने याच पोरीला रडेपर्यंत हरवलं होतं आणि वर म्हणाली होती, दुनिया कुणाला जिंकवत नाही, आत्तापासून सवय कर.

अंथरुणं घालताना मैत्रीण सहज म्हणाली, "चिंगीला चार दिवस माझ्याकडे पाठव ना. नाहीतरी शाळा बंदच आहे तिची. हवापालट होईल. टँकर बघेल. माझ्याबरोबर डेअरीच्या यार्डात उभी राहील, मजा वाटेल तिला." आणि चादर झटकता झटकता, "काय नाक आहे पोरीचं!"

"बघू सकाळी," टेलरबाई म्हणाली. तिला झोप लागायला फार वेळ लागला. थंडीत मैत्रिणीला पंधरा दिवस ताप आला होता. त्यानंतर ही पहिलीच भेट, आणि तीही मैत्रिणीने स्वतः ठरवलेली.

सकाळी मैत्रीण चिंगीचे दोन फ्रॉक घडी करून पिशवीत भरत होती. चिंगी आत दात घासत होती. टेलरबाईने रोजच्यासारखं फरशी पुसायला बादलीत पाणी घेतलं आणि त्यात फिनेल ओतलं. पाणी पांढरंधोट झालं. ती त्याच्याकडे बघत उभी राहिली. मग तिने एक पेला बुडवून भरला आणि बाहेरून पदराने पुसला. चाळीस वर्षांच्या मैत्रिणीची असली परीक्षा घ्यायची याची तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण हात थांबला नाही.

"बघ गं," ती बाहेर येऊन म्हणाली. "दूध रात्रभर बाहेर राहिलं. चांगलं आहे ना?"

मैत्रिणीने पेला नाकाजवळ नेला. वास घेतला, पण नजर पेल्यात नव्हती, टेलरबाईच्या चेहऱ्यावर होती. टेलरबाई गिऱ्हाइकाला कपडा देताना हसते तशी हसली. टायरला टेकून उभ्या असलेल्या माणसासारखी.

मैत्रिणीचे खांदे सैलावले.

"ताजं आहे की," ती म्हणाली. "दे पोरीला."

टेलरबाईने तिच्या हातातून पेला काढून घेतला.

आतून चिंगी ओरडली, "आजी, फिनेल सांडलंस का गं? केवढा वास येतोय!"

मैत्रिणीने पेल्याकडे पाहिलं, दारातल्या बादलीकडे पाहिलं. मग ती चिंगीचा फ्रॉक हातात घेऊनच खुर्चीवर बसली.

"त्या दिवशीचा ड्रायव्हर नवा होता," ती म्हणाली. "आरामात उभा होता गं. दूध नासलंय हे त्यालाच माहीत नव्हतं."

टेलरबाईला ती बावीस मुलं आठवली नाहीत. तिला फक्त बादलीवर वाकलेली चिंगी आठवली, आणि तिच्या पाठीवरून फिरणारा आपला हात. या बाईला ओढून थोबाडीत मारावी असं तिला वाटलं. तिला पोटाशी धरावं असंही वाटलं. तिने दोन्ही केलं नाही. पेला मोरीत ओतला, पिशवीतला दुसरा फ्रॉक काढून कपाटात ठेवला आणि बाहेरच्या दाराला कडी लावली.

"मला दहाला यार्डात पोचायचंय," मैत्रीण म्हणाली.

"डाव अर्धा राहिलाय कालचा."

"टँकर उभा राहील."

"राहू दे."

कडी साधी होती, हात वर केला की निघाली असती. मैत्रीण उठली, दारापर्यंत गेली आणि परत आली. टेलरबाईने सापशिडी मांडली आणि कालच्या आठवणीने सोंगट्या जागच्या जागी ठेवल्या. चिंगी तोंड पुसत आली आणि दोघींच्या मध्ये बसली. पहिला फासा तिनेच टाकला.

दहा वाजून सात मिनिटांनी मैत्रिणीच्या पर्समधला फोन वाजायला लागला. थांबला. पुन्हा वाजला.

"मी नाही गेले तर एखादा शिपाई नुसतीच सही करून सोडेल टँकर," मैत्रीण म्हणाली.

"मग उचल."

"काय सांगू?"

टेलरबाईने पर्स तिच्याकडे सरकवली.

"माझं घर जाईल गं. ह्यांना घेऊन मी कुठे जाऊ?"

"इथे या," टेलरबाई म्हणाली. "मशीन सरकवू. पण उचल."

मैत्रिणीने फोन हातात घेतला. बटण दाबलं, कानाला लावला. पलीकडून कुणीतरी विचारत होतं, बाई, कुठे आहात, सोडायचा का टँकर. सवयीने, ड्रायव्हरकडे पाहावं तसं, तिने समोर टेलरबाईच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

टेलरबाई उठली आणि तिच्याकडे पाठ करून खिडकीशी जाऊन उभी राहिली.