लाल स्वेटरचा पुरावा

आठवडाभर रोज सकाळी सोसायटीच्या अध्यक्षांच्या गाडीच्या एका चाकातली हवा गेलेली असायची. खिळा नाही, पंक्चर नाही. कोणीतरी शांतपणे हवा सोडून झाकण परत लावून जात होतं. इतका टापटिपीचा शत्रू आपल्याच इमारतीतला असणार, यावर सगळ्यांचं एकमत झालं. इमारतीतलं हे पहिलंच एकमत.

अध्यक्षांनी आपला संशय तळमजल्यावरच्या टेलरमास्तरांसाठी राखून ठेवला होता. गिऱ्हाइकांच्या स्कूटर लावण्यावरून दोघांचं वाजलं होतं. पुरावा सापडला की दुकान खाली करून घ्यायचं, असं समितीने ठरवलं. मास्तरांनी त्या दिवसापासून नवं शिवणकाम घेणं बंद केलं.

पार्किंगमधला कॅमेरा दर काही सेकंदांनी नुसता एक फोटो काढायचा. हजारो फोटो बघणार कोण? अध्यक्षांचा भाचा प्रोग्रॅमर होता.

"मामा, संगणकाच्या लेखी फोटो म्हणजे आकड्यांचा तक्ता. कोड लिहितो, एकेक तक्ता ओळीने जोडतो, की व्हिडिओ तयार."

"माणूस ओळखू येईल?"

"कपडे तरी येतील."

"कपडे पुरेत. शिंपीच आहे तो."

रविवारी अध्यक्षांच्या घरी समिती जमली. मास्तरांना दाराशी उभं केलं होतं. व्हिडिओ सुरू झाला. पेपरवाला आला, त्याचा चेहरा निळाशार होता.

"थंडी फार आहे हल्ली," खजिनदार म्हणाले.

इमारतीत प्रत्येकाला प्रत्येकाचा संशय होता, व्हिडिओचा कोणालाच नव्हता.

मग डोक्याला मफलर गुंडाळलेली, लाल स्वेटरातली एक व्यक्ती स्कूटरच्या रांगेमागून पाठमोरी येऊन चाकाशी वाकली; कमरेखालचं काही दिसत नव्हतं. सगळ्यांनी मान वळवून मास्तरांच्या लाल स्वेटरकडे पाहिलं.

"मी झोपलो होतो हो," मास्तर म्हणाले.

"झोपलोय म्हणणारेच असतात असले," खजिनदार म्हणाले.

"थांबव रे," अध्यक्ष पडद्याजवळ सरकले. "माझ्या जागेवर ही निळी गाडी कोणी लावली?"

"तुमचीच आहे, मामा."

"माझी लाल आहे."

भाच्याने कपाळावर हात मारला. प्रत्येक ठिपक्याचे तीन आकडे असतात: लाल, हिरवा, निळा. फोटो वाचणारा कोड निळ्यापासून मोजत होता, व्हिडिओ लिहिणारा लालपासून. अदलाबदल करायची राहून गेली होती.

एक ओळ घालून त्याने व्हिडिओ पुन्हा बनवला. पेपरवाल्याच्या तोंडावर रंग आला, गाडी लाल झाली आणि चाकाशी वाकलेला स्वेटर गर्द निळा. समितीचे डोळे एकमेकांच्या अंगावरून फिरत फिरत स्वयंपाकघराच्या दारात थांबले. तिथे निळ्या स्वेटरात मामी चहाचा ट्रे घेऊन उभ्या होत्या.

"डोळ्याचं ऑपरेशन होईपर्यंत गाडी चालवू नका म्हणून डॉक्टरांनी बजावलंय," मामी म्हणाल्या. "ह्यांना सांगून बघितलं. शेवटी चाकाला सांगितलं."

"तू मला सरळ..." अध्यक्ष थांबले. सरळ तिने अनेकदा सांगितलं होतं.

"मग नोटीस कोणाला काढायची?" खजिनदारांनी विचारलं.

"काढा की मला," मामी म्हणाल्या. "पण उद्यापासून जेवण तुम्ही पाठवा."

अध्यक्षांनी खिशातून किल्ली काढून ट्रेमध्ये ठेवली आणि दुकानाचा विषय रद्द झाल्याचं जाहीर केलं. मास्तरांना खुर्ची मिळाली, चहाही मिळाला. मास्तरांनी मात्र अध्यक्षांनी पहिला घोट घेईपर्यंत कपाला हात लावला नाही.