वाट बंद आहे

मी दुर्बीण बोलतेय. काळी, जड, जुन्या घडणीची. माझ्या काचा कुठल्या कारखान्यात घासल्या गेल्या ते मला ठाऊक नाही. आठवतं ते झाशीच्या बडा बाजारातलं घड्याळजीचं दुकान. एका निवृत्त फौजीने मला तिथे विकायला ठेवलं होतं आणि मी धूळ खात पडले होते. एके दिवशी रेल्वेतले नारायणराव आले, मला डोळ्यांना लावून समोरच्या गच्चीवरची कबुतरं पाहिली आणि मला घेऊन टाकलं. आमच्या घरी पक्ष्यांचं वेड आहे, असं त्यांनी घड्याळजीला हसत सांगितलं.

वेड होतं ते त्यांच्या पत्नीला. इंदूताई शाळेत शिकवायच्या. थंडी पडली की झाशीतल्या मराठी घरांना गोळा करून त्या शिवपुरीकडच्या राष्ट्रीय उद्यानात घेऊन जायच्या. तिथले डोंगर बुटके. चढ असा, की नातवाचं बोट धरून आजोबाही चढून जातील. धावडा, तेंदू, पळस यांच्यामधून पायवाट वर एका सपाट खडकावर जाते आणि तिथून खालचं तळं दिसतं. सगळ्यांत लहान मुलाने पुढे चालायचं आणि त्याला कुणी मागे टाकायचं नाही, हा इंदूताईंचा नियम. बापेमंडळी कुरकुर करायची. मग त्याच सावकाश चालीत त्यांना चितळांचा कळप दिसायचा, ढोलीतून डोकावणारा पिंगळा दिसायचा, आणि कुरकुर थांबायची.

मी हातोहात फिरायचे. मुलं मला उलटी धरायची, तीळ-गुळाच्या गजकाचा चुरा माझ्या काचांना चिकटायचा. घरी आल्यावर इंदूताई जुन्या सुती साडीच्या तुकड्याने मला पुसायच्या.

त्या मुलांमध्ये त्यांचा भाचा चैतन्य होता. त्याची आई लवकर गेली, त्यामुळे तो मावशीच्याच हाताखाली वाढला. पक्षी कसा ओळखायचा, हरणं बघताना वाऱ्याच्या कुठल्या बाजूला उभं राहायचं, हे सगळं इंदूताईंनी त्याला शिकवलं. नारायणराव वारले त्या थंडीत इंदूताई घराबाहेर पडेनात. तेव्हा चैतन्यनेच त्यांना गाडीत बसवून त्या वाटेवर नेलं होतं. पुढे त्याने झाशीतल्याच सीपरी बाजारात सहलींचं लहानसं ऑफिस उघडलं, तेव्हा इंदूताईंनी मला त्याच्या गळ्यात घातलं. त्यांच्यापेक्षा त्याचे डोळे तेज आहेत, असं म्हणाल्या. तो वाकून पाया पडला. मलाही वाईट वाटलं नाही. घरातल्या घरातच तर चालले होते.

पहिली थंडी छान गेली. दोघं मिळून लोकांना न्यायचे. दुसऱ्या थंडीत चैतन्यला घाई झाली. सकाळी एक गट, दुपारी दुसरा. इंदूताई मात्र एखादं पोर मुंग्यांची रांग बघत बसलं की त्याच्याशेजारी बसायच्या, आणि खाली बसवाला हॉर्न वाजवत राहायचा. त्यावरून मावशी-भाच्यात कधी कधी वाजायचं.

त्यानंतरच्या श्रावणात लोक येत्या थंडीसाठी ऑफिसात नाव नोंदवायला यायला लागले. जो येई तो आधी विचारी, इंदूताई येणार ना? चैतन्यला आता मावशी बरोबर नको होती. तो सांगायचा, त्यांचे गुडघे दुखतात. लोक म्हणायचे, मग त्यांना बरं वाटेपर्यंत थांबू की. असं तीन-चारदा झालं. मग एका दुपारी त्याने आवाज खाली आणला.

"मावशीला आता फारसं आठवत नाही," तो म्हणाला. "माणसं ओळखत नाही. कुणाचा फोन आला की बिचारी गोंधळते, म्हणून सांगतो, नका करू."

मी त्याच्या मागे काचेच्या कपाटात होते. मला वाटलं, एकदा तोंडातून निघून गेलं असेल. पण पुढे आलेल्या प्रत्येकाला त्याने तेच सांगितलं. हळूहळू त्याला ते छान जमायला लागलं. तो मध्येच थांबायचा, सुस्कारा सोडायचा. समोरच्या बायकांच्या डोळ्यांत पाणी यायचं, आणि त्या नाव नोंदवून जायच्या.

थंडी सुरू झाल्यावर त्याच खुर्चीत बसून त्याने मावशीला फोन केला. ह्या वर्षी वाट बंद आहे म्हणाला, वाघांमुळे कुणाला पायी सोडत नाहीत. पलीकडून इंदूताई काय म्हणाल्या ते मला ऐकू आलं नाही. पण त्यांनी विश्वास ठेवला असणार, कारण फोन लगेच संपला.

डिसेंबरातल्या एका रविवारी मी चैतन्यच्या गळ्यात होते. मागे मोठा गट होता. निम्म्या चढावर वाट वळते, तिथे एका दगडावर इंदूताई बसल्या होत्या आणि शेजारी त्यांची नात इरा संत्रं सोलत होती. इरा इंदूरहून सुट्टीला आली होती. निदान उद्यानाच्या फाटकापासून तरी हरणं दाखव, असा तिने हट्ट धरला म्हणून इंदूताई तिला घेऊन आल्या होत्या, आणि फाटकावर कळलं की वाट उघडीच आहे.

इराने आधी मला पाहिलं. तिला मराठी समजतं, पण बोलते हिंदीत.

"दादी, ये तो आपकी वाली दूरबीन है ना?"

इंदूताईंनी मान वर केली. चैतन्य जागच्या जागी थांबला. तो काही बोलणार एवढ्यात मागून मुग्धा पुढे आली. तिचा मुलगा अक्षत इंदूताईंबरोबर चालूनच मोठा झाला होता. ती वाकली आणि एकेक शब्द सुटा करून, मोठ्याने म्हणाली, "इंदूताई, मी मुग्धा. ओळखलंत का मला?"

"न ओळखायला काय झालं?" इंदूताई हसल्या. "अक्षतचा पुढचा दात ह्याच वळणावर पडला होता. तू तो तेंदूच्या पानात बांधून घरी नेलास."

मुग्धा सरळ उभी राहिली. तिने चैतन्यकडे पाहिलं. "पण हा तर म्हणाला, तुम्हाला..." मागच्या मंडळींपैकी कुणी बुटाची नाडी बांधायला लागलं, कुणी झाडाकडे बघायला लागलं.

इंदूताईंना समजायला वेळ लागला नाही. त्यांनी इराला मुग्धाकडे दिलं आणि भाच्याला बाजूला घेतलं. माझ्या दोन्ही बाजूंना ती दोघं होती.

चैतन्य भराभरा बोलला. लोक तिच्याशिवाय यायला तयार नव्हते, सगळं बुडालं असतं, तिला दगदगही नको होती, नंतर तो सांगणारच होता. इंदूताईंनी सगळं ऐकून घेतलं.

"भांडण झालं म्हणून सांगायचंस," त्या म्हणाल्या. "मावशी हेकट आहे म्हणून सांगायचंस. गणपतीत सगळे माझ्याशी लहान मुलाशी बोलावं तसं बोलत होते, चैतन्य. दिवाळीला दारात कुणी आलं नाही. मला वाटलं, माझंच काही चुकलं. मी एकेकीला आठवून बघत होते, कुणाला काय बोलले असेन."

चैतन्यची मान खाली गेली. मग त्याने पट्टा डोक्यावरून काढला आणि मला त्यांच्यापुढे धरलं. "ही तुझीच आहे. घे."

त्यांनी हात पुढे केला. माझा जीव त्या हातात जायला आसुसला होता. पण त्यांनी मला नुसता स्पर्श केला आणि हात मागे घेतला.

"राहू दे. दिली तेव्हा मनापासून दिली होती."

त्या इराला घेऊन वर गेल्या. मुग्धा आणि अक्षत त्यांच्याबरोबर गेले. बाकीचे थोडा वेळ घुटमळले आणि चैतन्यमागे निघाले. खाली बस त्याचीच होती.

ह्या गोष्टीला महिना होऊन गेला. मी पुन्हा कपाटात आहे. चैतन्य मला आता गळ्यात घालत नाही. माझ्या आत बुरशी धरू लागली आहे, उजव्या डोळ्याने सगळं धुकं दिसतं. मध्यंतरी मुग्धा ऑफिसात आली होती. सगळ्यांना फोन करून खरं काय ते सांग, असं तिने त्याला बजावलं. तो हो म्हणाला. अजून एकही फोन झालेला नाही. कुणी इंदूताईंची चौकशी केली की तो कॉम्प्युटरकडे बघत म्हणतो, ठीक आहेत. लोक त्याचा हवा तो अर्थ घेऊन जातात.

त्याचा मला राग येतो, आणि इंदूताईंचाही येतो. त्यांनी मला तेव्हा उचलून न्यायला हवं होतं. ज्याने त्यांना फसवलं त्याच्याच कपाटात मी का राहायचं?

माझं एक ऐका. सीपरी बाजारात आलात तर माझ्यासाठी थांबू नका, मी आता काय दाखवणार? ऑफिसच्या मागच्या गल्लीत इंदूताईंचं घर आहे. दार वाजवा. त्या डोंगराची वाट कशी आहे, असं त्यांना विचारा. त्या तुम्हाला बसवतील, चहा टाकतील, सगळं सांगतील. आणि थंडी सरली नसेल, तर तुमच्याबरोबर निघतीलसुद्धा.